गाडीतल्या हवेविषयी

दापोडी, 9 डिसेंबर

चि. मुक्ता हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

सोमवारी पहाटे तू गाडी काढलीस तेव्हा मी जागा होतो, पण खाली आलो नाही. आदल्या रात्री तुझ्या मित्रांसमोर जनरेटरवरून माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. गॅलरीतून मी गाडीचे मागचे दिवे वळणापर्यंत पाहत राहिलो. डावा दिवा मंद लागतो, तो अर्थिंगचा दोष असावा. उमरग्यात कोणाकडूनही दाखवून घे. या पत्रात जनरेटरचे नाव काढायचे नाही असे ठरवून मी लिहायला बसलो आहे.

ध्वनिमुद्रणासाठी ती पंधरा वर्षांची टेम्पो ट्रॅव्हलर तू आणलीस तेव्हा मी तिला भंगार म्हणालो होतो. एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत चौतीस वर्षे सांगाडे उभे करण्यात आणि पत्रे ठोकण्यात गेल्यामुळे, गंजलेला तळ दिसला की माझ्या मनात आधी खर्चच येतो. पण आसने काढून, गंज खरवडून, पत्र्याला आतून बिटुमेनच्या जाड पट्ट्या चिकटवल्यावर तू मला हाक मारलीस आणि टिचकी मारून पाहायला सांगितलेस, तेव्हा आधी घंटेसारखा वाजणारा तो पत्रा लाकडी फळीसारखा ठक्क वाजला. पत्रा खडखडू नये म्हणून मी आयुष्यभर रिव्हेट मारले. त्याला वजन दिले की त्याचा नाद मरतो, हे मात्र तुझ्याकडून शिकलो. त्यावर तू रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर, भरलेस, ज्यूटचे कापड ताणलेस आणि मागच्या भिंतीला आजीच्या दोन गोधड्या लावल्यास. अंड्यांचे ट्रे लावू या असे मी सुचवले होते, तेव्हा त्यांनी आवाज अडत नाही हे तू मला न हसता समजावलेस. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे फेरफाराला आरटीओची परवानगी लागते. त्या अर्जावर ‘फिरता ध्वनिमुद्रण कक्ष’ हे शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिले, आणि ते लिहिताना मला जे वाटले ते तुला सांगायचे राहून गेले.

पण कक्ष जितका चांगला होत गेला तितका तो बंद होत गेला. आवाज जिथून शिरतो तिथूनच हवाही शिरते. तू दारांना दुहेरी रबर लावलेस, काचांवर फळ्या बसवल्यास, छतावरची झडप बुजवलीस, आणि शेवटी बॅटऱ्या भरण्यासाठी पेट्रोलचा जनरेटर घेतलास. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. डोके जड होते, झोप येते, आणि झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. जनरेटर गाडीपासून निदान वीस फूट लांब ठेव, दारा-खिडक्यांकडे त्याचे तोंड नको, तो चालू असताना आत झोपू नकोस, आणि कितीही थंडी वाजली तरी आत शेगडी पेटवू नकोस. पाहा, नाव काढायचे नाही म्हणालो आणि अर्धे पान त्यातच गेले. रागावू नकोस. तू सत्तावीस वर्षांची आहेस आणि हे सारे माझ्याआधी वाचलेले असशील.

वसंताची हातबॅटरी अजून माझ्या खणात आहे. तीही थंडीचीच, जानेवारीतली रात्र होती, आणि ट्रकच्या केबिनच्या काचा पूर्ण वर चढवलेल्या होत्या. आजी शेगडीला हात का लावत नाही, असे तू लहानपणी विचारायचीस.

दुसरी गोष्ट तू मला दोनदा विचारलीस आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. 1993 च्या ऑक्टोबरात आम्ही सहा जण मदतीच्या ट्रकबरोबर सास्तूरला गेलो होतो. 30 सप्टेंबरला, विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपलेली असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात त्या जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि मातीने लादलेली माळवदे त्यांच्यावर आली होती. पाऊस लागला होता, तरी वाचलेले लोक छपराखाली यायला तयार नव्हते. आम्ही पत्र्याची शेड उभी केली, तर एक आजी तिच्या कडेला अर्धी भिजत बसून राहिली. मी हात धरून ‘आत या’ म्हणालो. तिने हात सोडवून घेतला आणि वर आभाळाकडे पाहिले. मी तिला पुन्हा बोलावले नाही.

ज्यांचे बोलणे तू ऐकायला गेली आहेस, ती हीच माणसे, आता साठी-सत्तरीची झालेली. त्यांना आत बसवून तू रबराचे दार ओढून घेशील तेव्हा त्यांना काय वाटेल, हा विचार मला भांडणाच्या रात्री सुचला नाही, नंतर सुचला. सामान्य माणसांच्या आठवणी मुद्रित करणाऱ्या अमेरिकेतल्या स्टोरीकोर संस्थेची चंदेरी एअरस्ट्रीम गाडी 2005 पासून गावोगाव फिरते, ती तू मला दाखवली होतीस. तिथे बंद खोली सोयीची असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या खेड्यातल्या बायकांपर्यंत स्वतः जाऊन. तुझ्या मुद्रणात शेळी ओरडली किंवा वारा शिरला तरी चालेल, असे मला वाटते. तुझ्या कामातले मला कळत नाही हे मान्य आहे, पण दार उघडे हवे की बंद, हे बोलणाऱ्यालाच विचार.

तुझी अडचणही मला समजते, म्हणून मी एक पेटी केली आहे. प्लायवूडच्या या पेटीत आडव्या फळ्या घालून हवेला नागमोडी वाट दिली आहे, आतून रॉकवूलचे अस्तर लावले आहे, आणि संगणकातला मोठा, सावकाश फिरणारा 12 व्होल्टचा पंखा बसवला आहे. एका तोंडाशी तुझ्या आईचा रेडिओ लावला आणि दुसऱ्या तोंडाशी मी कान लावला. शब्द कळत नाहीत, नुसती गुणगुण येते. हवा मात्र हाताला लागते. उमरग्याला जाणाऱ्या गाडीने ही पेटी बुधवारी पार्सल करतो. छताला भोक नऊ इंच बाय पाच इंच पाड, पण आधी आडव्या पट्ट्या कुठे आहेत ते ठोकून पाहा. पट्टी कापू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. पेटी बसेपर्यंत झोपताना मागच्या दारात आजीच्या गोधडीची घडी अडकव, म्हणजे दार चार बोटे उघडे राहील.