कोणत्या हक्कांसाठी?

संपादक महोदय,

अमेरिकेतील यादवी युद्ध गुलामगिरीसाठी नव्हे, राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे अजूनही ठासून सांगितले जाते. पण देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांनी कारण स्वतःच लिहून ठेवले आहे! आपली भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे मिसिसिपीच्या १८६१च्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटले आहे. डिसेंबर १८६० मध्ये सर्वांत आधी बाहेर पडलेल्या साउथ कॅरोलिनाची तक्रार तर मासलेवाईक: उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम पकडून परत देत नाहीत, उलट त्यांना पकडण्यात आडकाठी करणारे कायदे करतात. म्हणजे उत्तरेतल्या राज्यांनी हक्क बजावले, तेच यांना खुपले. पुढे दक्षिणेच्या नव्या राज्यघटनेने गुलामांवरील मालकी हिरावणारा कायदा करायलाच तिच्या संसदेला मनाई केली.

– एक वाचक, सातारा