पोटातल्या गाठी आणि जुना व्रण

संपादक साहेब, स.न.

आमच्या सातपूरच्या मेहुण्यांचं पोट दुखायचं म्हणून सीटी स्कॅन काढला तर लहान आतड्यावर सात-आठ गाठी, डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि सरळ सांगून टाकलं की कॅन्सर पसरलाय, मूळ कुठंय ते शोधू. बहिणीने देव पाण्यात ठेवले.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी शर्ट वर करायला लावला. पोटावरचा उभा व्रण बघून म्हणाले, हे काय? तर १९९८ मध्ये मुंबई-आग्रा हायवेवर स्कूटरला ट्रकने उडवलं होतं, पाणथरी (प्लीहा) फुटली म्हणून काढून टाकलेली. आधी कुणी विचारलंच नाही हो!

पाणथरी फुटली की तिचे बारीक तुकडे पोटात सांडतात, आतड्याला वगैरे चिकटतात आणि वाफ्यात मेथी उगवावी तसे तिथेच रुजतात, याला स्प्लीनोसिस म्हणतात, सीटीत ते कॅन्सरसारखंच दिसू शकतं. ओळखायची टेस्ट भारी आहे. पेशंटचंच रक्त घेऊन लाल पेशी गरम करून खराब करायच्या, टेक्नेशियम (स्कॅनवर दिसणारा किरणोत्सर्गी पदार्थ) लावून परत सोडायच्या. खराब पेशी गोळा करणं हे पाणथरीचंच काम, त्यामुळे गाठी स्कॅनवर उजळल्या की कळतं. मेहुण्यांच्या सगळ्या उजळल्या. त्रास नसेल तर त्याला औषधही लागत नाही.

दुखणं मूतखड्याचं निघालं. जुनं डिस्चार्ज कार्ड मात्र मागच्याच दिवाळीत रद्दीत गेलं होतं.

एक वाचक, नाशिक