उझबेक नृत्याला त्याच्या नावानिशी रंगमंच मिळावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शहर पानावर गेल्या आठवड्यात पुण्यातील एका संस्थेच्या वर्धापनदिन सोहळ्याची बातमी आली होती. ‘रशियन तरुणींच्या बेली डान्सने सोहळ्याची रंगत वाढवली’ असे एक वाक्य त्या बातमीत होते. मी त्या सोहळ्याला उपस्थित होते. रंगमंचावर आलेल्या दोघी कलाकार उझबेकिस्तानच्या होत्या आणि त्यांनी सादर केले ते खोरेझम प्रांतातील ‘लाझगी’ हे नृत्य होते. बातमीदाराला मी दोष देत नाही, कारण निवेदकाने माइकवरून जे सांगितले तेच त्यांनी लिहिले. परंतु युनेस्कोने २०१९ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत जिचा समावेश केला, ती कला पुण्यासारख्या शहरात दुसऱ्याच देशाच्या आणि दुसऱ्याच नृत्याच्या नावावर खपावी, हे एक कथक शिक्षिका म्हणून मला फार लागले. हा प्रकार एकदाच घडला असता तर मी पत्र लिहिले नसते. स्वागत समारंभ, हॉटेलांतील मेजवान्या, कंपन्यांची स्नेहसंमेलने अशा ठिकाणी मध्य आशियातील नर्तकी येतात आणि दर वेळी त्यांची ओळख अशीच करून दिली जाते.

बेली डान्स ही अरब जगतातील, स्वतःची परंपरा असलेली वेगळी कला आहे. लाझगीशी तिची गल्लत करणे हा दोन्ही कलांवर अन्याय आहे. लाझगीची सुरुवात जवळजवळ निश्चल उभे राहण्यातून होते. त्या दिवशी पुढे उभ्या असलेल्या मुलीने एक हात डोक्याच्या वर धरला होता, आणि बराच वेळ तिची फक्त बोटे थरथरत होती. मग ती थरथर मनगटात उतरली, तिथून कोपरात आणि खांद्यात गेली, मान झटक्याने एका बाजूला वळली, आणि लय वाढत गेली तसे सारे अंग त्या कंपनात सामील झाले. थंडीने गोठलेल्या देहात उन्हाच्या उबेने हळूहळू जीव येतो, तेच या नृत्यात दिसते, असे खोरेझमचे लोक सांगतात. पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या हालचाली, रोजची कष्टाची कामे, प्रेमातील आर्जव हे सारे त्यात येते. कोणत्या वाद्यावर ते नाचले जाते त्यावरून त्याचे प्रकारही पडतात: आपल्या सनईच्या कुळातल्या सुरनाईवरचे एक, दुतार या दोन तारांच्या वाद्यावरचे दुसरे, आणि ‘काइराक’ म्हणजे दोन्ही हातांत धरून वाजवायच्या चपट्या दगडांच्या जोड्यांवरचे तिसरे. खोरेझमच्या लग्नघरी लाझगीचे सूर सुरू झाले की मांडवातली म्हातारी माणसेसुद्धा उठून हात वर करतात. हे नृत्य तिथल्या घराघरातले आहे, रंगमंचावर ते नंतर आले.

उझबेकिस्तानात नृत्याच्या तीन मुख्य शैली मानल्या जातात आणि त्यांची प्रकृती एकमेकींपासून पुष्कळ वेगळी आहे. फरगाना खोऱ्यातील नृत्य मृदू असते. हातांच्या वळणांत, झुकलेल्या नजरेत आणि संथ गिरक्यांत त्याचा सारा अर्थ सामावलेला असतो. ‘तानोवार’ हे तिथले प्रसिद्ध नृत्य मी प्रथम चित्रफितीत पाहिले तेव्हा ठुमरीवर भाव करणारी एखादी जाणकार नर्तकी आठवली, कारण तिथेही पायांपेक्षा मनातली घालमेल अधिक बोलते. बुखाराचे नृत्य याच्या उलट ताठ, डौलदार आणि ठसठशीत. जरीकामाने जड झालेला मखमली पोशाख, मागे झुकणारी पाठ, गुडघ्यांवर बसून घेतलेले अंगाचे पेच, आणि अनेकदा साथीला एकटे चर्मवाद्य. बुखारामध्ये ‘सोझंदा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिक स्त्री कलाकार घरगुती समारंभांत गात, वाजवत आणि नाचत, आणि त्यांच्यातील अनेकजणी बुखारी ज्यू समाजातल्या होत्या. खोरेझमच्या लाझगीविषयी वर लिहिलेच आहे.

या सगळ्याचा कणा म्हणजे ‘दोइरा’. लाकडी कड्यावर ताणून बसवलेले कातडे आणि कड्याच्या आतल्या बाजूने ओवलेल्या धातूच्या बारीक कड्या, असे हे वाद्य लांबून डफासारखे दिसते. पण ते दहाही बोटांनी वाजवले जाते आणि त्यातून निघणारे बोल ऐकले की तबल्याची सवय असलेला कान तत्काळ सावध होतो. मध्यावरचा घुमारदार ‘बुम’ आणि काठावरचा कोरडा ‘बक’ या दोन आघातांतून तिथले वादक तालांच्या मोठमोठ्या माळा गुंफतात. दोइरावादक हा केवळ साथीदार नसतो, तो अनेकदा नर्तकीचा गुरूच असतो. उस्ता ओलिम कोमिलोव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तमारा खानुमसारख्या नर्तकींना घडवले ते दोइरा हाती घेऊनच. रेशमाच्या किड्यांची निगा, धागा काढणे, तो गुंडाळणे आणि विणणे या साऱ्या कामांचे दर्शन घडवणारे ‘पिल्ला’ हे नृत्य त्यांच्याच तालांवर उभे राहिले. कथकच्या गतनिकासात, म्हणजे चालीतून आणि हावभावांतून प्रसंग उभा करण्याच्या भागात, घागर भरणारी, घुंघट सारणारी स्त्री आम्ही विद्यार्थिनींना शिकवतो. फरगानाच्या नर्तकीच्या बोटांत तसाच न दिसणारा रेशमाचा तंतू असतो.

त्या दिवशीच्या सोहळ्यात दोइरा नव्हता. मोबाइलवरून लावलेले ध्वनिमुद्रण मोठ्या ध्वनिक्षेपकांतून येत होते. दोघींच्या मनगटांना घुंगरांचे पट्टे बांधलेले होते, ज्यांना तिथे ‘झांग’ म्हणतात आणि ज्यांच्यासाठी हातांची ती सगळी थरथर असते. तिसऱ्या रांगेत बसूनही मला त्यांचा आवाज ऐकू आला नाही. पायांतले घुंगरू ऐकू येत नसताना तत्कार, म्हणजे कथकमधले पायांचे काम, पाहावे, तसेच ते होते. लाझगी संपायच्या आतच निवेदकाने ती थांबवून त्यांना एका हिंदी चित्रपटगीतावर नाचण्याची फर्माईश केली, आणि त्या बिचाऱ्या हसतमुखाने नाचल्याही. बाजूच्या हिरवळीवर तेव्हा जेवणाच्या पंगती चालू होत्या.

या नर्तकी ज्या वाटेने इथवर आल्या ती वाट किती अवघड होती, हे आपल्या वाचकांना कळावे म्हणून थोडा इतिहास सांगणे भाग आहे. शंभर वर्षांपूर्वी त्या प्रदेशातील शहरांतल्या स्त्रिया पारांजी नावाचा पायघोळ बुरखा आणि चेहऱ्यावर घोड्याच्या केसांची जाळी घेतल्याशिवाय बाहेर पडत नसत. नृत्य होते, पण ते घराच्या आतल्या चौकात, बायकांनी बायकांसमोर करायचे. परक्या पुरुषांसमोर नाचणे म्हणजे कुळाला काळिमा मानला जाई. फरगाना खोऱ्यातच १९०६ मध्ये एका आर्मेनियन कुटुंबात जन्मलेल्या तमारा खानुम यांनी उघड्या चेहऱ्याने रंगमंचावर उझबेक नृत्य करायला सुरुवात केली आणि १९२५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते सादर केले. १९२७ मध्ये सोव्हिएत सरकारने पारांजीविरुद्ध ‘हुजूम’ ही मोहीम उघडली. ती वरून लादलेली मोहीम होती आणि तिची किंमत मोजली ती स्त्रियांनी. बुरखा टाकलेल्या अनेकजणींचे खून झाले. मार्गिलान येथील नुरखोन युल्दाशखोजायेवा ही अशीच एक तरुण नर्तकी. रंगमंचावर नाचली म्हणून १९२९ मध्ये तिच्या सख्ख्या भावाने तिला ठार मारले. तिचे वय जेमतेम सोळा होते.

नुरखोनच्याच वर्षी, १९१३ मध्ये जन्मलेल्या मुकर्रम तुर्गुनबायेवा यांनी पुढे १९५७ मध्ये ‘बाहोर’ हा नृत्यसंघ स्थापन केला आणि उझबेक नृत्य जगभर नेले. घरातल्या चौकातील नृत्य रंगमंचावर येताना बदलले, त्यात रांगा आल्या, एकसारखे पोशाख आले, आणि मला वाटते, मैफलीतली उत्स्फूर्त उपज त्यात काहीशी मागे पडली. पण ज्या मुलीला नाचल्याबद्दल मरण आले, तिच्याच पिढीतील स्त्रीने त्या नाचाला देशाचा मान बनवले, ही गोष्ट लहान नव्हे. त्या संघर्षाची वारसदार असलेली कलाकार आपल्या शहरात येते आणि आपण तिला जेवणाच्या पंगतींची करमणूक म्हणून उभी करतो.

पुण्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नसावी. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये इथे ‘नृत्यभारती’ ही कथकची संस्था सुरू केली तेव्हा मध्यमवर्गीय घरातील मुलींनी नाच शिकावा की नाही, हाच वादाचा विषय होता. बैठकीच्या लावणीचे ज्ञानभांडार असलेल्या यमुनाबाई वाईकर यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, त्यांनी नव्वदी ओलांडल्यावर. नाचणाऱ्या बाईकडे समाज कसा पाहतो आणि ती नजर बदलायला किती पिढ्या जातात, हे मराठी माणसाने जवळून पाहिले आहे. उद्या ताश्कंदमध्ये आपल्या लावणी कलावंतिणीला कोणी ‘बॉलीवूड डान्सर’ म्हणून उभे केले, नऊवारी आणि घुंगरांविषयी एक शब्दही न बोलता ढोलकीऐवजी ध्वनिफीत लावली, तर आपल्याला संताप येईल आणि तो रास्तच असेल. ताश्कंदमध्ये मात्र लालबहादूर शास्त्री यांच्या नावाने भारतीय संस्कृती केंद्र आहे आणि तेथील मुली कथक हे कथक म्हणूनच शिकतात.

माझी विनंती शहरातील कार्यक्रम-आयोजकांना, नृत्यसंस्थांना आणि आपल्या दैनिकालाही आहे. उझबेक कलाकार येतील तेव्हा त्यांचा देश, त्यांचा प्रांत आणि नृत्याचे नाव त्यांनाच विचारून घ्यावे आणि निमंत्रणपत्रिकेवर व निवेदनात तेच वापरावे. यासाठी एक पैसाही लागत नाही. एक दोइरावादक सोबत आणायचा तर खर्च येतो, हे मी जाणते. पण प्रकाशयोजनेवर आणि मंचाच्या सजावटीवर जो पैसा उधळला जातो त्यातला थोडा भाग तिकडे वळवला तर कार्यक्रमाचे रूपच पालटेल. आणि कलाकारांना आणवलेच आहे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या लहान सभागृहात दोन तासांचे सप्रयोग व्याख्यान ठेवावे. पुणेकर रसिक अशा व्याख्यानांना वही-पेन घेऊन येतात. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचे विभागीय कार्यालय पुण्यात आहे, त्यांच्या मदतीने तिन्ही शैली एकाच व्यासपीठावर आणणारा एक पूर्ण कार्यक्रम होणेही अशक्य नाही.

त्यासाठी २१ मार्च हा दिवस मला सर्वांत योग्य वाटतो. उझबेकिस्तानात तो नवरूझचा, म्हणजे वसंतातल्या नववर्षाचा सण. आदल्या दिवसापासून बायका मोठ्या कढईत मोड आणलेल्या गव्हाचे ‘सुमालक’ शिजवतात. ते तळाला लागू नये म्हणून त्यात स्वच्छ धुतलेले गोटे टाकलेले असतात, आणि आळीपाळीने ढवळत असताना कढईभोवती रात्रभर गाणी आणि नाच चालतो. पुण्यातील पारशी आणि इराणी कुटुंबांना हा दिवस परका नाही आणि आपला गुढीपाडवाही त्याच सुमारास येतो. शिवाय मार्चमध्ये हवा कोरडी असते. पावसाळ्यात तबल्याची पुडी उतरते तसेच दोइराचेही कातडे सैल पडते, हे आयोजकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आपल्या दैनिकाने त्या बातमीतील ‘रशियन’ आणि ‘बेली डान्स’ हे शब्द दुरुस्त करून ‘उझबेकिस्तान’ आणि ‘लाझगी’ अशी नोंद छापावी, आणि जमल्यास सांस्कृतिक पुरवणीत या नृत्याची सविस्तर ओळख करून द्यावी. नवरूझनिमित्त असा कार्यक्रम कोणी आयोजित करणार असेल, तर तालमीसाठी आमच्या वर्गाची जागा विनामूल्य देण्यास मी तयार आहे, आणि माझ्या ज्येष्ठ विद्यार्थिनी त्या व्याख्यानात शिकण्यासाठी पुढच्या रांगेत बसतील.

आपली विश्वासू,
एक कथक शिक्षिका
कोथरूड, पुणे