वाफेतले द्रावक परत किती येते, तेही छापा

संपादक महोदय,

जड तेलाच्या बातम्यांत हल्ली एक वाक्य हमखास असते: वाफेत द्रावक (तेल विरघळवणारे हलके हायड्रोकार्बन) मिसळले की पाणी वाचते, गॅस वाचतो आणि उत्सर्जन ४० टक्क्यांनी घटते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. हा आकडा इम्पिरियल ऑइलच्या कोल्ड लेक (अल्बर्टा, कॅनडा) येथील प्रकल्पाचा. रोज सुमारे १५,००० बॅरलच्या अपेक्षेने तिथे २०२४ मध्ये उत्पादन सुरू झाले. ‘प्रति बॅरल’ आणि ‘४० टक्क्यांपर्यंत’ हे कंपनीचे दोन्ही शब्द बातमीत येईपर्यंत गळून पडतात.

अल्बर्टातले बिटुमेन (डांबरासारखे जड तेल) जमिनीखाली इतके घट्ट असते की अथाबास्का भागात त्याचा चिकटपणा दहा लाख सेंटिपॉइजच्याही (पाण्याचा सुमारे १) वर जातो. ते वाहते करण्यासाठी दोन आडव्या विहिरी एकीखाली एक, साधारण ५ मीटर अंतराने खोदतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, खालच्या विहिरीतून पातळ झालेले तेल आणि वाफेचे पाणी उपसायचे. रॉजर बटलर यांनी इम्पिरियलमध्ये असताना ही पद्धत मांडली. आधी दोन्ही विहिरींतून काही महिने वाफ फिरवून मधली वाळू तापवावी लागते, तेव्हा कुठे तेल झिरपू लागते. एक घनमीटर तेलामागे अडीच-तीन घनमीटर पाण्याची वाफ लागते. एक घनमीटर पाण्याची वाफ करायला अडीच ते तीन गिगाज्यूल गॅस जळतो, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. खर्च वाचवायची सगळी धडपड इथेच आहे.

द्रावक काय करते? तेल निघून गेलेल्या जागी जमिनीखाली वाफेचा कप्पा तयार होतो; त्याच्या कडेला ते वाफेबरोबरच द्रवरूप होते आणि तिथल्या बिटुमेनमध्ये विरघळते. तेल उष्णतेने पातळ होतेच, आता विरघळण्यानेही होते. म्हणून द्रावकाची निवड उत्कलनबिंदू पाहून होते. २.५ मेगापास्कल (हवेच्या दाबाच्या सुमारे २५ पट) दाबाला वाफ २२४ अंश सेल्सिअसला पाणी होते आणि हेक्झेन हा पेट्रोलमधला हलका घटक जवळपास त्याच तापमानाला द्रव होतो. उलट प्रोपेन ९७ अंशांच्या आणि ब्युटेन १५२ अंशांच्या वर कितीही दाबले तरी द्रव होत नाहीत. ते कडेला वायू म्हणून साचतात आणि वाफेची उष्णता तेलापर्यंत पोहोचू देत नाहीत. शिवाय हलक्या द्रावकांमुळे बिटुमेनमधले अस्फाल्टीन (त्यातला सर्वांत जड भाग) खाली बसते आणि लायनरच्या (विहिरीतल्या चाळणीसारख्या नळीच्या) बारीक चिरा बुजतात. शुद्ध हेक्झेन मात्र महाग. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी कंडेन्सेट (नैसर्गिक वायूबरोबर मिळणारे हलके द्रव तेल) वापरतात. बिटुमेन पाइपलाइनमधून पाठवताना ते मिसळावेच लागते, त्यामुळे तेलाबरोबर वर आलेले पूर्ण वेगळे करत बसावे लागत नाही.

विहिरीवरच्या माणसाची खरी कसोटी खालच्या विहिरीच्या तापमानाशी आहे. वाफ थेट उत्पादन विहिरीत घुसू नये म्हणून तिथले तापमान त्या दाबाच्या वाफेपेक्षा ५ ते २० अंश खाली ठेवतात. द्रावक आले की हे गणित बिघडते. एकूण दाब २.५ मेगापास्कलच राहिला आणि कडेच्या वायूत निम्मे द्रावक साचले, तर पाण्याच्या वाफेचा वाटा १.२५ मेगापास्कल उरतो आणि तिथले तापमान १९० अंशांपर्यंत उतरते. नुसत्या वाफेच्या जुन्या तक्त्याने पाहणाऱ्याला वाटते, ३४ अंशांची फुरसत आहे, उपसा वाढवा. वाढवला की द्रावकाची वाफ सरळ खालच्या विहिरीत येते, पंपात वायू अडकतो, वेग वाढून लायनर झिजतो आणि महागडे द्रावक काम न करताच वर परतते. तापमान उतरण्याचा एक फायदाही आहे, वरच्या खडकात उष्णता कमी वाया जाते. पण तो बिनचूक मोजमापाशिवाय मिळत नाही.

आता मूळ मुद्दा. उदाहरणापुरते समजा, एक घनमीटर तेलामागे लागणारे वाफेचे पाणी ३ घनमीटरवरून २ वर आले आणि वाफेच्या पाण्याच्या १० टक्के द्रावक घातले. म्हणजे दर घनमीटर तेलामागे २०० लिटर. त्यातले ८० टक्के परत आले तर ४० लिटर जमिनीत राहिले. ६० टक्केच आले तर ८० लिटर, आणि ८० लिटर हेक्झेनमधली ऊर्जा सुमारे २.४ गिगाज्यूल! वाचवलेला गॅस जवळपास तेवढाच. ते द्रावक जळत नाही, म्हणून धूर कमी दिसतो हे खरे; पण स्वस्त गॅस वाचवून महाग द्रव पुरल्यासारखे होते. वर पाण्याचा किंवा वायूचा थर लागून असेल तर द्रावक तिकडे पळते. मधे चिखलदगडाचे पापुद्रे असतील तर त्यांच्यावर साचून राहते. म्हणून द्रावक कधी थांबवायचे हे आधी ठरवून शेवटचे काही महिने नुसती वाफ किंवा वायू देऊन अडकलेले बाहेर काढावे लागते. हा टप्पा घाईत उरकला की हिशेब कोसळतो.

आपल्याकडे हा विषय राजस्थानमुळे महत्त्वाचा. तिथे बाघेवाला क्षेत्रात ऑइल इंडिया चक्रीय वाफ वापरते: एकाच विहिरीत वाफ भरायची, मुरू द्यायची, मग तिथूनच तेल काढायचे. (गुजरातेत मेहसाण्याजवळ बालोल-संथालला ओएनजीसीने हवा सोडून तेल जमिनीतच पेटवण्याची वेगळी वाट धरली.) बाघेवालाचे तेल अथाबास्कापेक्षा बरेच खोल आहे, वाफ खाली पोहोचेपर्यंत उष्णता गळते, आणि पाण्याची टंचाई आहेच. तिथे द्रावकाचा विचार झाला तर दोन आडव्या विहिरींची नक्कल उपयोगाची नाही. कोल्ड लेकमध्येच चक्रीय वाफेच्या उतरत्या काळातील चक्रांत सुमारे ६ टक्के द्रव द्रावक मिसळण्याचा प्रयोग २००२ मध्ये झाला आणि पुढे तो मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. तो नमुना जवळचा.

अशी चाचणी आपल्याकडे झालीच, तर ‘उत्पादन इतक्या टक्क्यांनी वाढले’ एवढ्यावर बातमी थांबवू नका. किती द्रावक घातले, किती परत आले आणि किती महिन्यांत, हे तीन आकडे कंपनीकडे मागा. द्रावक बंद केल्यानंतरच्या सहा महिन्यांचे आकडे तर जरूर मागा, कारण परतावा त्याच काळात ठरतो.

– पेट्रोलियम अभियांत्रिकीतील एक वाचक, पनवेल