गुलाब-जिरेनियमचे तेल: थेंब मोजा, बाटलीही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतील सौंदर्यविषयक मजकुरात जिरेनियमच्या, म्हणजे गुलाबासारखा वास असलेल्या पानांच्या, सुगंधी तेलाची शिफारस हल्ली वारंवार दिसते. ‘चेहऱ्यावर चार-पाच थेंब चोळा’ असे सांगितलेले असते, पण ते कशात मिसळायचे याचा पत्ता नसतो. हे काही खोबरेल नव्हे. सुमारे १००० किलो ताज्या पाल्यातून वाफेवर जेमतेम एक ते दीड किलो तेल सुटते. ते कोरेच त्वचेवर लावले तर एखाद्याला काही होणार नाही, दुसऱ्याला मात्र लाल चट्टे उठतील. आणि एकदा का या तेलातील घटकांची ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही; पुढे साधा सुगंधी साबणही सोसवत नाही. यातील सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल आणि लिनालूल हे घटक ठरावीक प्रमाणापलीकडे असतील तर युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर नावानिशी छापावे लागतात, ते यासाठीच.

प्रमाण सोपे आहे. चेहऱ्यासाठी अर्धा ते एक टक्का, अंगासाठी एक ते दोन टक्के. म्हणजे ३० मिली बदाम किंवा जोजोबा तेलात तीन ते सहा थेंब, १०० मिली तिळाच्या तेलात वीस ते चाळीस. हा हिशेब एका मिलीचे वीस थेंब धरून केला आहे. बाटलीचे बूच बदलले की थेंबाचा आकार बदलतो, म्हणून जास्त तेल करायचे असेल तर औषधाच्या दुकानातली एक मिलीची सिरिंज बरी. मुरुमांच्या चेहऱ्याला खोबरेल नको. त्याने रंध्रे बुजतात आणि दोष जिरेनियमच्या माथी जातो. मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. लिंबाच्या सालीच्या तेलाने उन्हात त्वचा भाजते, तसे याने होत नाही, त्यामुळे दिवसा लावायला हरकत नाही.

दिवाळीच्या अभ्यंगाला हे तेल छानच, फक्त ते उटण्याच्या कोरड्या पुडीत टाकू नये. पुडीत गोळे होतात आणि सगळे थेंब एका गोळ्यात बसतात. तो गोळा जिथे घासला जाईल तिथे आग होते. आधी अंगाला लावायच्या तेलात मिसळावे, उटणे वरून. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकण्याचेही तसेच: तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते आणि मगातून थेट अंगावर येते. दुधात कालवून टाका म्हणतात, त्यानेही फारसा फरक पडत नाही. आंघोळीनंतर ओलसर अंगावर मिश्रण लावणे केव्हाही चांगले. तान्ह्या बाळाच्या मालिशीत हे तेल घालू नये. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि पोटात तर कोणीच घेऊ नये.

डासांसाठी? वासाने डास थोडा वेळ दूर राहतात, पण तेल उडून गेले की परततात. इंदूरच्या पावसाळ्यात डेंग्यूपासून बचाव म्हणून यावर विसंबणे धोक्याचे. डीट किंवा पिकारिडिन या डास पळवणाऱ्या रसायनांचे मलम जास्त टिकते आणि कूलरची टाकी आठवड्याला घासून कोरडी करणे त्याहून उपयोगाचे. कूलरच्या पाण्यात थेंब सोडणारेही आहेत. पंप पाणी तळातून ओढतो आणि तेल वर तरंगत बसते. घरात मांजर असेल तर तेलाचा वास हवेत पसरवणारा डिफ्युझरही टाळावा, कारण मांजराच्या यकृताला हे घटक नीट पचवता येत नाहीत.

जंतूंवर हे तेल काचेच्या बशीत काम करते, हे प्रयोगांत दिसले आहे. नागिणीनंतर राहणारी वेदना त्वचेवर लावल्याने काही वेळ कमी होते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले. हार्मोन, मधुमेह, कर्करोग यांबाबतचे दावे मात्र सोडून द्यावेत.

आता खरेदीविषयी. या तेलात गुलाबाची पाकळीसुद्धा नसते. मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील पेलार्गोनियम या झुडपाच्या पानांतून ते निघते (कुंडीतला लाल फुलांचा जिरेनियम वेगळा). आपल्याकडे निलगिरीत त्याची जुनी लागवड आहे. खऱ्या गुलाबतेलाला किलोमागे तीन-चार टन पाकळ्या लागतात आणि भाव लाखांत जातो, तेव्हा दीडशे रुपयांत दहा मिली ‘रोझ ऑइल’ मिळाले तर ते काय असेल हे सांगायला नको. जिरेनियममध्ये मिसळ होते ती बहुधा पामारोजाची, म्हणजे आपल्या निमाड-खानदेशातल्या रोशा गवताच्या तेलाची. हा उद्योग जुनाच आहे: एकेकाळी हेच तेल मुंबईहून तुर्कस्तानात जाई, तिथे ‘जिरेनियम’ म्हणून विकले जाई आणि बल्गेरियाच्या गुलाब अत्तरात मिसळले जाई.

ओळखायचे कसे? कागदावर थेंब टाकून पाहा. दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला तर त्यात खाद्यतेल आहे, पण रोशाची मिसळ या परीक्षेत पकडली जात नाही. तिथे नाक लागते. जिरेनियमचा पहिला वास हिरवा, किंचित पुदिन्यासारखा, गुलाबपणा मागून येतो. रोशाचा वास सरळ गोड आणि पाठीमागे वाळल्या गवताचा. मोठी खरेदी असेल तर विक्रेत्याकडून त्याच बॅचचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलात कोणता घटक किती आहे हे दाखवणाऱ्या तपासणीचा) अहवाल मागावा. जिरेनियममध्ये साधारणपणे सिट्रोनेलॉल जास्त आणि जिरॅनिऑल कमी असते. रोशात जिरॅनिऑल एकटेच पाऊण हिश्शाच्या वर जाते. अहवालात हे पारडे उलटलेले दिसले तर पैसे देऊ नयेत.

बाटली गडद काचेची हवी. रबरी ड्रॉपर लावून ठेवली तर रबर फुगून चिकट होते. इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ती फ्रिजच्या दारात ठेवावी. अर्धी रिकामी झाली की छोट्या बाटलीत ओतावी, कारण हवेने तेल बिघडते आणि बिघडलेले तेलच जास्त खाजवते. वास टर्पेंटाइनकडे झुकला, बाटलीच्या तोंडाशी चिकटपणा आला, तर ते फरशी पुसायच्या साबणाच्या पाण्यात संपवावे.

साबण किंवा अभ्यंगतेलापुरता सुगंध हवा असेल तर जिरेनियमचा हट्ट कशाला? रोशाचे तेल त्याच्या स्वतःच्या नावाने घ्यावे. ते स्वस्त पडते, आणि निमाड तर इथून घाट उतरला की लागतेच. सौम्य करण्याचे प्रमाण वरचेच ठेवावे.

आपला,
सुगंधी तेलांच्या व्यवसायातील एक वाचक
रामबाग, इंदूर