आधी परतीचा रस्ता दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

नाव लिहू नकोस, नाहीतर उद्या अख्खी सोसायटी आपापले कॅबिनेट काखोटीला मारून माझ्या दारात उभी राहील, असं तुम्ही बजावलंय. म्हणून नाव नाही, विंग नाही, मजलाही नाही. वर्तकनगर एवढंच लिहिते. तिथे काका पुष्कळ आहेत. पण पत्र मात्र उघडच लिहिणार. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर जाता.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरच्या जाहिरातीत जी गर्द झाडी, निळंशार पाणी आणि सोनेरी ऊन दिसतं, ते माझ्यासारख्यांच्या घरातल्या एका कोपऱ्यात तयार होतं. (मेट्रोचे खांब आम्ही काढून टाकतो.) मी ज्या रेंडररवर (संगणकातल्या आराखड्यातून फोटोसारखं चित्र काढणारा प्रोग्रॅम) काम करते त्याचं नाव कोरोना. हो, कोरोनाच, आणि ते साथीच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. ते ग्राफिक्स कार्डाकडे ढुंकूनही बघत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. माझा प्रोसेसर इंटेलचा आय सेव्हन ८७००के, २०१७ सालचा, सहा कोअरचा. याचा मल्टिप्लायर, म्हणजे मूळ ठोक्याला किती पट करायचं तो आकडा, कंपनीनेच मोकळा ठेवलेला आहे, त्यामुळे झेड३७० जातीच्या मदरबोर्डवर त्याचा वेग आपला आपण वाढवता येतो. नवा पीसी घ्यायचा तर लाखाच्या पुढची गोष्ट. आहे त्यातूनच थोडं जास्त निघेल का, एवढं विचारत मी फिरत होते.

ते फिरणं काही केल्या विसरता येत नाही. एका दुकानात प्रश्न मी विचारला आणि उत्तर माझ्या नवऱ्याला मिळालं. तो बिचारा पार्किंग शोधून नुकताच आत आला होता, त्याला बायोस (मशीन चालू होताना आधी जागी होणारी, बोर्डवरची सेटिंग्ज) म्हणजे काय हेही ठाऊक नाही. "वॉरंटी जाईल, सर, मॅडमना समजवा." तीन वर्षांची वॉरंटी केव्हाच संपून गेली होती, हे मॅडमना माहीत होतं. नात्यातल्या एका इंजिनिअरने "असल्या भानगडीत पडू नकोस, लॅपटॉप घे" म्हणून फोन ठेवला. मग एक तरुण घरी आला. मला पाठमोरं करून बायोसमध्ये एक तयार गेमिंग प्रोफाइल चालू केलं, "आता रॉकेट झालं" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. पंखे गिरणीसारखे ओरडायला लागले आणि रेंडरला आधीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. बायोसचा पासवर्डही त्यानेच टाकलेला, तो मला सांगितलाच नव्हता.

हे सगळं मी तुम्हाला लिफ्टमध्ये सांगितलं, तेही तुम्ही "काय गं, चेहरा का असा?" विचारलंत म्हणून. तुम्ही टेलिफोन खात्यातून निवृत्त झालात एवढंच मला माहीत होतं. रविवारी दुपारी तुम्ही आलात ते एक लाल मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आणि बँकेच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान घेऊन.

काका, तुम्ही पुढे बरंच शिकवलंत. पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट पहिल्या दहा मिनिटांतली आहे.

मला वाटलं होतं, तुम्ही बायोस उघडाल. तुम्ही वायर काढायला लावलीत. कॅबिनेटची बाजू उघडायला लावलीत. बोर्डच्या खालच्या कडेला, त्या बटणाएवढ्या सेलच्या जवळ, दोन बारीक पिना शेजारी शेजारी उभ्या होत्या. इतकी वर्षं हे मशीन माझ्याकडे आहे, त्या मी कधी बघितल्याही नव्हत्या. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर मुठीकडून माझ्या हातात दिलात. "टोक दोन्ही पिनांना एकदम लाव. थांब. आता काढ." वायर जोडून मशीन चालू केलं. पंखे फिरले, थांबले, परत फिरले. पडदा काळाच. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही स्टुलावर बसून होतात, दोन्ही हात काखेत दाबून. हात शिवशिवत असणार, पण तुम्ही ते बाहेर काढले नाहीत. मग पडद्यावर ओळ उमटली, सेटिंग मूळपदावर आलीत, एफ१ दाबा. त्या मुलाचा पासवर्डही गेला होता.

"परत कर," तुम्ही म्हणालात. मी परत केलं. आणखी एकदा करायला लावलंत, या वेळी तुम्ही काही न सांगता. आणि मग म्हणालात, "आता काय बिघडवायचंय ते बिघडव."

मशीनच्या जवळ जाताना मला कायम भीती वाटायची, की एखादं बटण असं दाबलं जाईल की संपलंच. ही भीती घालायला लोक पुष्कळ होते. ती काढायला कुणी तरी पुढे जायच्या आधी मागे कसं यायचं ते दाखवावं लागतं, आणि तेही माझ्या हाताने. तुम्ही स्वतः केलं असतंत तर अर्ध्या मिनिटात झालं असतं. मी मान डोलावली असती, आणि तुम्ही गेल्यावर पडदा काळा झाला असता तर पुन्हा तुमच्या दाराशी आले असते. तुम्हाला ते नको होतं. मला येऊ द्यायला नको म्हणून नाही. येईन तेव्हा चहाला यावं म्हणून.

पुढचं भराभर सांगते, कारण ते आकडे कुठेही मिळतील. त्या मुलाच्या प्रोफाइलमध्ये व्होल्टेज १.४० होतं. चिप १०० अंशांवर पोचायची आणि जळू नये म्हणून आपणच वेग कमी करायची. रॉकेट ते हेच. तुम्ही कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवलंत की उष्णता वेगाच्या सरळ पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे तोच वेग १.४० ऐवजी १.२५ वर मिळाला तर उष्णता साधारण पाचवा हिस्सा कमी. त्यातून या पिढीत इंटेलने चिपच्या वरच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डर न भरता उष्णता वाहून नेणारी पेस्ट भरली आहे, त्यामुळे उष्णता बाहेर यायलाच आढेवेढे घेते. झाकण उघडून ती पेस्ट बदलणारे लोक असतात असं मी म्हटल्यावर तुम्ही ज्या नजरेने बघितलंत, तो विषय तिथेच मिटला.

मल्टिप्लायर ४७ वर, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या ४७ पट, सगळ्या कोअरना ४.७ गिगाहर्ट्झ. व्होल्टेज खालून वर. १.२० वर निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळलं. पूर्वीची मी त्या निळ्या पडद्याला रडले असते. या वेळी कॅलेंडरवर फुली मारली. १.२२ वर मशीन मस्त चाललं, आणि मी टाळी वाजवली. तुम्ही प्राइम९५ लावायला सांगितलंत. मर्सेन मूळ संख्या (दोनाच्या घातातून एक वजा करून येणाऱ्या) शोधण्यासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाचा हा प्रोग्रॅम. एक अंक चुकला तरी आठवड्यांचं गणित वाया जाणार, म्हणून हिशेब बरोबर येतोय का हे तो सतत तपासतो. थोड्या वेळाने बारापैकी एका खिडकीत ओळ आली, राउंडिंगची चूक ०.५ आली, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होती. बाकी अकरा चालूच. मशीन बंद पडलं नव्हतं, पडदा निळा झाला नव्हता, गाणं सुद्धा वाजत होतं. आतल्या आत उत्तर चुकत होतं फक्त. तुम्ही म्हणालात, "बंद पडलेलं परवडलं. हे नको." मला ते दुकान आठवलं आणि हसू फुटलं, तुम्हाला कारण सांगितलं नाही.

१.२५ वर टिकलं. तेही मे महिन्यात, भर दुपारी, एसी बंद ठेवून. मी म्हटलं होतं रात्री गारव्यात करू, तर तुम्ही म्हणालात, "काम दुपारी करतेस ना? मग दुपारीच बघायचं." परदेशातले व्हिडिओ बघून आपण आकड्यांची तुलना करतो, पण त्यांची खोली असते वीस-बावीस अंशांवर. आपली चौतीसवर. तो फरक थेट चिपच्या माथी येतो. रेंडर चालू असताना आता तापमान ८४ च्या वर जात नाही.

फायदा किती? सगळे कोअर कामाला लागल्यावर मूळचा वेग ४.३, आता ४.७. नऊ टक्के. दहा तासांचं रेंडर सव्वानऊ तासांच्या आत. कुणी म्हणेल एवढ्यासाठी एवढा खटाटोप? म्हणू दे. पाऊण तासात मुलीला शाळेतून आणून होतं.

ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात तीन जणी बसलेल्या बाकावर चौथीसाठी सरकतात ना, कुणी सांगावं लागत नाही, आभारही कुणी मानत नाही. ज्यांना थोडंफार येतं त्यांच्यातली बरीच माणसं मात्र पिशवी शेजारी ठेवून बसलेली असतात. जागा आहे, पण तुमच्यासाठी नाही. तुम्ही सरकलात. असं सरकणारे अजून असतील, मला उशिरा भेटलात एवढंच. आणि तुम्ही माझ्याशी बोललात, माझ्या नवऱ्याशी नाही. तो आत भजी तळत होता, हेही इथे नोंदवून ठेवते. पैशांचं विचारलं तर तुम्ही तिसरं भजं उचललंत.

आता एक मागणं. त्या दिवशी निघताना तुम्ही सहज बोलून गेलात की मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातून घेतलेला इंटेलचा १९९८ चा प्रोसेसर, सेलेरॉन ३००ए, तुमच्या माळ्यावर अजून आहे. मल्टिप्लायर साडेचारावर कायमचा बंद, पण बसचा, म्हणजे बोर्डच्या मूळ ठोक्याचा, वेग ६६ वरून १०० केला की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झ. तुमचे सरळ पन्नास टक्के, माझे नऊ. तेव्हाच सांगितलं असतंत तर मी एवढी मिरवले नसते. तो अजून चालू होतो का हे तुम्हालाही माहीत नाही म्हणालात. येत्या रविवारी बघू या. माळ्यावर मी चढते, पेस्ट माझी, आणि या वेळी हात काखेत दाबून मी बसणार आहे.

तुमची,
समोरच्या विंगमधली