चावीच्या हिशेबाविषयी ओंकारला

परभणी

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काउंटर-स्ट्राइक या संगणकावरील नेमबाजीच्या खेळात बक्षिसांच्या पेट्या उघडायच्या चाव्यांवर गेलेले पैसे हा तुझा करमणुकीचा खर्च आहे आणि त्याला जुगार म्हणणे अन्यायाचे आहे, असे तू फोनवर म्हणालास. खेळाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच लिहून ठेवतो. पाच-पाच जणांचा, डोके आणि हात दोन्ही लागणारा तो खेळ तुम्ही वसतिगृहातील मुले रात्री खेळता, यात मला वावगे दिसत नाही. (परीक्षेच्या आठवड्याचा विषय वेगळा.) चावीविषयी मात्र, मोंढ्यात हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला जे दिसते ते लिहितो.

शस्त्रांची नुसती शोभेची रंगरूपे देणारी पेटी खेळता खेळता मिळते आणि ती उघडणारी चावी 2.49 डॉलरची, म्हणजे आपले दोनशेहून अधिक रुपये. ऑगस्ट 2013 मध्ये या खेळात ही पद्धत आली, पण पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, हे आकडे चीनमधील नियमांमुळे तेथील वितरकाला 2017 मध्ये जाहीर करावे लागले, तेव्हा कोठे उघड झाले. त्यानुसार 100 पेट्यांपैकी सुमारे 80 पेट्यांतून निळ्या दर्जाची, सर्वांत साधी वस्तू निघते. त्याहून वरच्या दर्जाची जांभळी सुमारे 16 वेळा, गुलाबी तीनेक वेळा, लाल एकदाही धड नाही, आणि तू ज्याच्या मागे आहेस तो चाकू 0.26 टक्के. सरासरीने 385 पेट्यांमागे एक चाकू, आणि तेवढ्या चाव्यांची किंमत सुमारे 959 डॉलर, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या घरात.

येथे ‘सरासरी’ या शब्दावर विसंबू नकोस. प्रत्येक पेटीचा निकाल स्वतंत्र असल्यामुळे आधीच्या रिकाम्या गेलेल्या पेट्या तुझ्या खात्यावर कोठेही जमा होत नाहीत, आणि 385 पेट्या उघडणाऱ्या 100 मुलांपैकी सुमारे 37 मुलांच्या हाती तरीही चाकू लागणार नाही. वीस पेट्या उघडल्यास, म्हणजे चार हजारांहून अधिक रुपये घालवल्यास, तो मिळण्याची शक्यता जेमतेम पाच टक्के आहे. ‘आता निघायलाच पाहिजे’ असे तू दोनदा म्हणालास, म्हणून हे सविस्तर लिहिले.

पडद्यावर वस्तूंची पट्टी सरकते आणि चाकूची सोनेरी खूण अगदी एका घराने हुकते, याचेही तुला फार वाटते. चावी लावताच निकाल कंपनीच्या संगणकावर ठरलेला असतो आणि सरकणारी पट्टी ही नंतरची सजावट असते. त्यामुळे थोडक्यात हुकले असे तेथे काही घडतच नाही. मला या सगळ्यात सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते, कारण पैसे गेल्याचे दुःख होण्याऐवजी माणसाला जवळ पोहोचल्याचा आनंद होतो.

चांगले काही निघाले तर विकता येते, हे तुझे म्हणणे खरे आहे. पण स्टीम या, खेळ जिथून चालतो त्या सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला 100 रुपये मिळायचे असतील तर घेणाऱ्याला सुमारे 115 मोजावे लागतात, आणि ते 100 स्टीमच्या पाकिटातच राहतात, तुझ्या बँकेत येत नाहीत. आमच्या आडतीवर शेतकऱ्याची कपात होते, पण उरलेले पैसे तरी तो घरी नेतो. रोख रक्कम देणारी बाहेरची संकेतस्थळे आहेत, हे मला ठाऊक आहे. अशा वस्तूंवर पैजा लावणाऱ्या कितीतरी स्थळांना हा खेळ बनवणाऱ्या वाल्व कंपनीने 2016 मध्ये स्वतःच नोटिसा दिल्या होत्या. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस आणि तुझे लॉगिन कोणालाही देऊ नकोस. बेल्जियमच्या जुगार नियामकाने 2018 मध्ये अशा पेट्यांना जुगारच ठरवले आणि त्यानंतर त्या देशात पेटी उघडण्याची सोय बंद झाली, एवढेही तुझ्या ‘अन्याया’च्या मुद्द्यावर सांगून ठेवतो.

तुला एके-47 बंदुकीचे ते रेडलाइन नावाचे रंगरूप हवे असेल तर ते बाजारात ठरलेल्या भावाने तयार मिळते. चाकूसुद्धा त्या ऐंशी हजारांच्या लहानशा हिश्श्यात मिळणारे बरेच आहेत. पैसे दिले, वस्तू मिळाली, असा तो सरळ व्यवहार आहे, आणि त्याला माझी ना नाही. हवी असलेली वस्तू, तिची घासलेली की नवीकोरी अवस्था आणि आजचा भाव मला लिहून पाठव. मेसचे पैसे सोडून तुझ्या हातखर्चातून ती किती महिन्यांत बसते हे आपण मिळून पाहू; कमी पडले तर थोडी भर मी घालीन. तोपर्यंत चावी घेऊ नकोस, आणि साठलेल्या पेट्या न उघडता बाजारात विकून टाक. भाव किरकोळ असला तरी त्या पैशांनी तुझ्या रेडलाइनची सुरुवात होईल.

तू दसऱ्याला कोणत्या गाडीने येणार, ते तुझी आई विचारते आहे.

तुझे,
अण्णा